न उघडणारा कागद



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यघटना, अर्थकारण अशा मोठ्या विषयांवर बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. माझा विषय त्या मानाने फार लहान आहे. संकेतस्थळावरून एखादा लेखी कागद आपल्या मोबाइलवर किंवा संगणकावर कसा उतरवावा, तो उघडत का नाही, आणि उघडला तरी वाचता का येत नाही, एवढेच मी सांगणार आहे. मी या शास्त्राचा पदवीधर नव्हे. कामगारांचे आणि वनजमीन कसणाऱ्यांचे अर्ज लिहिता लिहिता, ठेचा खात आणि विचारत जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो. विषय लहान असला तरी त्यात अडकलेली गोष्ट लहान नाही. ती एका हकिकतीवरून आपल्या ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरचे नवरा-बायको, तिकडची कित्येक घरे जातात त्याप्रमाणे, दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. त्यांचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीपुढे पडून होता. बारावी झालेला मुलगा घरी होता. एके दिवशी त्याच्या मोबाइलवर एका कार्यालयातून फाइल आली. ‘निर्णय पाठवला आहे, पाहून घ्या,’ एवढाच निरोप. वस्तुतः निर्णय रीतसर लेखी कळवायला हवा होता; पण ते असो. मुलाने टेकडीवर जाऊन, जिथे जरा रेंज मिळते तिथे उभे राहून ती फाइल उतरवली. उघडून पाहतो तो इंग्रजी अक्षरे, कंस, आकडे आणि स्वल्पविराम यांचा नुसता खच. मराठी शब्द एकही नाही. त्याने ती पुसली आणि पुन्हा मागवली. पुन्हा तेच. गावात विचारले तर फाइल बिघडली म्हणाले. एसटीने जव्हारला जाऊन दुकानात दाखवली, तर दुकानदाराने तेच अगम्य चार पाने छापून दिले आणि पानामागे पैसे घेतले. असे एकोणीस दिवस गेले. अशा निर्णयावर जिल्हा समितीकडे दाद मागायला कायद्याने ६० दिवसांची मुदत दिली आहे. मुदत कोणासाठी थांबत नाही.

ती फाइल बिघडलेली नव्हती. तिच्यातला काना-मात्राही इकडचा तिकडे झालेला नव्हता. आपल्याकडच्या जुन्या घरांत मोडी लिपीतील खते असतात. ती फाटलेली नसतात, पुसलेली नसतात. वाचणारा मात्र मिळत नाही. त्या मुलाच्या हातातील कागदाचे तसेच झाले होते. फरक इतकाच की मोडी कागद शे-दोनशे वर्षांपूर्वीचा, आणि हा तीन आठवड्यांपूर्वीचा.

हे असे का होते ते आता पाहू. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. आपण ‘क’ उमटवला की तो एक आकडा लिहून ठेवतो, आणि पुन्हा दाखवायची वेळ आली की त्या आकड्यापुढे कोणती आकृती काढायची ते एका तक्त्यात पाहतो. आपल्या माहितीतला दाखला द्यायचा तर कामावरचा हजेरीपट घ्या. हजेरीपटावर प्रत्येक मजुराला क्रमांक असतो. एका भट्टीच्या पटावर १७ क्रमांक एका बाईचा, तर पलीकडच्या भट्टीच्या पटावर १७ क्रमांक दुसऱ्याच कुणा गड्याचा. नुसती ‘१७ हजर’ अशी चिठ्ठी पलीकडच्या भट्टीवर गेली, तर मजुरी भलत्याच माणसाच्या नावावर पडेल. चिठ्ठी खोटी नाही, आकडा चुकलेला नाही. पट मात्र दुसरा आहे.

मराठी अक्षरांच्या बाबतीत पुष्कळ वर्षे हाच घोळ चालला. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ नावाचा एक सामाईक तक्ता होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली त्याला मानक म्हणून मान्यताही दिली. परंतु छापखान्यांत आणि कचेऱ्यांत जे मराठी फॉन्ट रुळले, त्यांतील बहुतेकांनी निराळाच मार्ग धरला. इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या आकड्यांवरच त्यांनी मराठी आकृत्या बसवल्या, आणि त्यासुद्धा प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने. ‘कृतिदेव’ नावाचा फॉन्ट घ्या. त्यात आपल्याला ‘भारत’ असा शब्द दिसतो, परंतु फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजीतील एच, के, के, जे आणि आर ही पाच अक्षरे साठवलेली असतात. तो फॉन्ट संगणकावर असेतोवर ‘भारत’ दिसतो. नसला की तीच पाच इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये त्याच ‘भारत’ची अक्षरे आणखी निराळी. म्हणजे एका महाराष्ट्रात एका भाषेचे दहा हजेरीपट चालू होते.

यावर उपाय म्हणून साऱ्या जगाच्या लिपींचा मिळून एकच पट करण्यात आला. त्याचे नाव युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा राखून ठेवल्या आहेत, आणि त्यांची मांडणी आपल्याच इस्कीवरून घेतली आहे. ‘क’ चा क्रमांक २३२५. मोखाड्यात तोच, मुंबईत तोच आणि अमेरिकेतही तोच. आजच्या स्मार्टफोनमध्ये युनिकोड देवनागरी दाखवण्याची सोय आधीपासूनच असते, वेगळा फॉन्ट बसवावा लागत नाही. मराठीचा कारभार युनिकोडमध्ये करावा असे आदेश महाराष्ट्र शासनाने काढलेले आहेत. तथापि आदेश निघाला म्हणजे प्रत्येक टेबलावरचा जुना फॉन्ट नाहीसा होतो असे नाही, हे संघटनेत काम करणाऱ्या माणसाला सांगायला नको.

अक्षरांविषयी इतके झाले. आता ती अक्षरे ज्या पेटीत भरून पाठवतात, त्या पेटीकडे वळू. फाइलीच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन जी तीन-चार इंग्रजी अक्षरे असतात, ती या पेटीची जात सांगतात. लेखी कागदाच्या बाबतीत आपल्याला मुख्यतः चार जाती भेटतात: डॉक, डॉकएक्स, ओडीटी आणि पीडीएफ.

‘डॉक’ ही मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी जात. तिची आतली रचना कंपनीलाच ठाऊक असे, त्यामुळे इतरांचे प्रोग्राम ती अंदाजानेच उघडत. ही कुलपे लोकांना जाचू लागली. सरकारी दप्तरे एका कंपनीच्या कुलपात ठेवायची काय, असा प्रश्न जगभर विचारला गेला. त्यातून ‘ओडीटी’ ही खुली जात निघाली. तिची रचना कुणालाही वाचायला आणि वापरायला मोकळी असून २००६ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. मायक्रोसॉफ्टनेही २००७ च्या ऑफिसबरोबर ‘डॉकएक्स’ आणले आणि २००८ साली तेही मानक म्हणून संमत झाले. त्या मतदानात भारताने विरोधी मत दिले होते. पुढे २०१० साली भारत सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. सरकारने जपलेली माहिती कोणा एकाच्या मालकीच्या साच्यात अडकू नये, हा त्यामागचा हेतू.

डॉकएक्स आणि ओडीटी या दोन्ही जाती म्हणजे वास्तविक गाठोडी आहेत. आत मजकुराची एक फाइल, रचनेची एक, चित्रांची एक, असे जिन्नस घालून वरून ‘झिप’ पद्धतीने गाठ मारलेली असते. संगणकावर डॉकएक्स फाइलीची एक प्रत काढून तिच्या नावाचे शेपूट बदलून झिप केले, तर गाठोडे सुटते आणि आतले जिन्नस डोळ्यांनी पाहता येतात. आवड असणाऱ्या मुलांनी हा प्रयोग जरूर करावा. या गाठोड्यात काय काय आहे याची यादी सर्वांत शेवटी ठेवलेली असते. म्हणून उतरवताना रेंज गेली आणि फाइलीचे शेवटचे टोक तुटले, तर बाकीचा बराचसा माल येऊनही गाठोडे उघडत नाही. मोखाड्याच्या डोंगरात हे वारंवार घडते. अशा वेळी फाइल खरोखरच अपुरी असते. संकेतस्थळावर तिचा आकार दिलेला असेल तर तो आपल्याकडे आलेल्या आकाराशी ताडून पाहावा. कमी भरला तर पुन्हा उतरवावी.

म्हणजे ‘फाइल उघडत नाही’ या एका तक्रारीच्या पोटात तीन निरनिराळी दुखणी असतात. फाइल पुरती आलेली नसते; अथवा ती जात उघडणारा प्रोग्राम आपल्याकडे नसतो; अथवा ती उघडते, पण अक्षरांचा पट जुळत नाही. दुखणे ओळखल्याशिवाय औषध लागू पडत नाही. त्या मुलाला तिसरे दुखणे होते आणि तो पहिल्याचे औषध घेत होता.

चौथी जात पीडीएफ. ही अमेरिकेतील अडोबी कंपनीने १९९३ साली काढली आणि २००८ पासून तीही आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिच्यात व वर्डच्या फाइलीत एक मूलभूत भेद आहे. वर्डच्या फाइलीत सहसा फॉन्टचे नुसते नाव असते, फॉन्ट नसतो. ज्या घरी जाईल तिथे तो मिळेल या भरवशावर ती निघते. पीडीएफ आपल्या अक्षरांच्या आकृत्या बहुधा सोबत बांधून घेते. वीटभट्टीवर निघालेला माणूस तांदूळ-नागली बरोबर घेतो तसे हे आहे. म्हणून पीडीएफ कुठेही उघडा, पान तसेच्या तसे दिसते. वाचायचा, छापायचा आणि जपून ठेवायचा कागद पीडीएफमध्ये असावा हे बरे. पण त्यात भर घालायची किंवा दुरुस्ती करायची म्हटले की ती अडते. शिवाय तिच्यात आकृत्यांना महत्त्व असल्यामुळे, डोळ्यांना उत्तम दिसणारे मराठी उचलून दुसरीकडे चिकटवले, तर जोडाक्षरे आणि वेलांट्या पुष्कळदा विस्कटतात. म्हणून भरायचा अर्ज डॉकएक्स अथवा ओडीटीमध्ये मिळावा, आणि वाचायचा निर्णय पीडीएफमध्ये.

पीडीएफची एक बनावट जातही आहे. खोटी नव्हे, पण पोकळ. कागद छापायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तो फोटो पीडीएफच्या पेटीत घालायचा. दिसायला कागदच, परंतु आत अक्षर एकही नाही. त्यात शब्द शोधता येत नाही. तो जडही फार असतो. युनिकोडमधील देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साधारणपणे तीन बाइटांत मावते. दोन हजार चिन्हांचे पान धरले तर मजकूर सहा हजार बाइटांचा झाला. त्याच पानाचा फोटो लाखो बाइटांचा होतो. शहरात हा फरक कुणाला जाणवत नाही. टेकडीवर उभे राहून एका रेघेच्या रेंजवर फाइल उतरवणाऱ्याला मात्र तो चांगलाच जाणवतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की युनिकोडमधील मजकूर आजचा मोबाइल मोठ्याने वाचून दाखवू शकतो. ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही, ज्या गड्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याला आपल्या जमिनीचा निर्णय आपल्या कानांनी, मध्ये कुणी दलाल न घेता ऐकता येतो. फोटोच्या पोटात मोबाइलला सहजासहजी अक्षर सापडत नाही. तेव्हा मजकूर देणे आणि मजकुराचा फोटो देणे यांत फक्त सोयीचा फरक नाही. एकाने माणूस स्वावलंबी होतो, दुसऱ्याने तो पुन्हा कुणाच्या तरी दारात उभा राहतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. शासन निर्णय हवा असेल तर तो शासनाच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा, गटागटांतून फिरत आलेल्या प्रतीवर विसंबू नये. प्रत्येक शासन निर्णयाला एक लांबलचक संगणक सांकेतांक असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. तो जुळवून पाहिला की कुणी जुना निर्णय नवा म्हणून खपवत असेल तर लगेच उमगते. फाइल उतरवली की ती प्रथम आपल्याकडे साठवावी आणि मग उघडावी. मोबाइलमध्ये ती बहुधा ‘डाउनलोड’ नावाच्या खणात जाऊन पडते. तिथून तिला गावाचे नाव, विषय आणि तारीख असे ओळखू येणारे नाव द्यावे. ‘डॉक्युमेंट एक’, ‘डॉक्युमेंट दोन’ अशा नावांच्या ढिगाऱ्यातून ऐन सुनावणीच्या दिवशी काही सापडत नाही.

नावाचे शेपूट पाहण्याचे आणखी एक कारण आहे. योजनेची यादी, दंडाची पावती, लग्नाची पत्रिका अशा नावाखाली ‘एपीके’ शेपटाची फाइल पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करण्याचा धंदा सध्या चालू आहे. एपीके हा कागद नव्हेच, तो मोबाइलमध्ये शिरून बसणारा प्रोग्राम असतो. कागद उघडताना तो आपल्याला काही बसवायला सांगू लागला, गुपित क्रमांक मागू लागला, तर तो कागद नाही असे समजावे आणि तिथेच थांबावे.

उघडण्याच्या प्रोग्रामसाठी पैसे मोजण्याची गरज नाही. संगणकावर लिब्रेऑफिस फुकट मिळते. ते डॉक, डॉकएक्स आणि ओडीटी तिन्ही उघडते. जगभरच्या स्वयंसेवकांनी २०१० पासून ते चालवले आहे. श्रमदानाने बांधलेल्या विहिरीवर जसा साऱ्या गावाचा हक्क, तसा त्यावर सर्वांचा आहे. मोबाइलवर गूगल डॉक्ससारखी साधने हे काम करतात. मात्र एका प्रोग्राममध्ये केलेली फाइल दुसऱ्यात उघडली की रकाने सरकतात, पाने पुढेमागे होतात. म्हणून भरलेला अर्ज पाठवण्यापूर्वी त्याची पीडीएफ काढून ती एकदा डोळ्यांखालून घालावी. डिजिटल स्वाक्षरीचा कागद असेल तर मूळ फाइल जशीच्या तशी जपावी. छापलेल्या प्रतीवर स्वाक्षरीचे चित्र तेवढे उमटते. तिची खरी पडताळणी मूळ फाइलीवरच होते.

जुन्या फॉन्टची फाइल हाती आली तर काय करावे? ती संगणकावर उघडावी, मजकुरावर क्लिक करावे आणि वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव काय दिसते ते पाहावे. तेच आपल्या हरवलेल्या हजेरीपटाचे नाव. तो फॉन्ट मिळाला तर काम झाले. न मिळाला तर त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर पालटून देणारी साधने मिळतात, त्यांचा उपयोग करावा. पण पालटलेला मजकूर डोळे झाकून स्वीकारू नये. रफार, जोडाक्षरे, पहिली वेलांटी आणि आकडे या जागी चूक होण्याचा संभव फार. दाव्यातले एक नाव चुकले की ते आधारशी जुळत नाही, बँकेशी जुळत नाही, आणि माणूस कागदोपत्री दुसराच होऊन बसतो. म्हणून आम्ही एक शिरस्ता पाडला आहे. पालटलेला मजकूर ज्याचा त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. आपले नाव, बापाचे नाव, पाड्याचे नाव चुकीचे ऐकले की अडाणी म्हणवणारा माणूसही तात्काळ थांबवतो. इतका खात्रीचा मुद्रितशोधक दुसरा नाही.

हे सारे ज्ञान अर्जदारानेच का मिळवावे, असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो रास्त आहे. कायदा अर्जदाराच्या बाजूला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात किंवा छापील प्रतीत मिळवण्याचा हक्क दिला आहे. ज्या स्वरूपात माहिती मागितली त्या स्वरूपात ती साधारणतः द्यावी, असे कलम ७ सांगते. साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा मूळ दप्तराला धोका असेल तरच अपवाद. आपण होऊन प्रसिद्ध करायची माहिती स्थानिक भाषा आणि त्या भागातील परिणामकारक साधन लक्षात घेऊन प्रसृत करावी, असे कलम ४ मध्ये आहे. तेव्हा अर्ज करताना ‘माहिती युनिकोड मराठीत, वाचता येणाऱ्या फाइलीच्या स्वरूपात द्यावी’ असे एक वाक्य लिहायला विसरू नये. त्या एका वाक्याने पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

या गोष्टीला जव्हार भागात आणखी एक अर्थ आहे. वनहक्काच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, तीत पूर्वीच्या संस्थानांचे नकाशे आणि हक्कनोंदी यांचा समावेश आहे. जव्हार हे १९४८ पर्यंत संस्थानच होते. त्याच नियमांनी गावातील जाणत्या माणसांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही पुरावा मानले आहे. म्हणजे एका बाजूला जुने दप्तर, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचे तोंडचे शब्द, आणि दोन्ही आज फाइलीत जाऊन बसणार. ती फाइल वीस वर्षांनी नातवाला उघडली नाही, तर पुरावा असून नसल्यासारखा. म्हणून जपायची ती प्रत युनिकोडमध्ये आणि खुल्या जातीत जपावी, हा हट्ट मी धरतो.

या जिल्ह्याला न वाचता येणाऱ्या कागदाचा फार जुना अनुभव आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघेही जमीनदाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज किती घेतले, किती फिटले हे वहीत असे, आणि वही सावकाराच्या घरी. अंगठा आदिवासीचा, अक्षर सावकाराचे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला आणि ही वेठ मोडली. मी आजच्या कारकुनाला त्या सावकाराच्या रांगेत बसवत नाही. तो बिचारा बहुधा आपल्या हाताला सवय असलेल्या फॉन्टवर काम उरकत असतो. परंतु ज्याच्या आयुष्याचा निर्णय त्यालाच वाचता येत नाही, ही स्थिती तेव्हाही होती आणि आजही आहे. तेव्हा वही दडवलेली असे. आज फाइल हातात असूनही तीच गत होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. जव्हारमधल्या एका छापखान्यात पूर्वी जुळारी असलेले एक वृद्ध गृहस्थ बसलेले असतात. त्यांनी तो छापलेला इंग्रजी खच हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘अरे, ही मराठीच आहे. आम्ही याच फॉन्टवर लग्नपत्रिका करायचो.’ त्यांच्या जुन्या संगणकावर तो फॉन्ट होता. फाइल घातली आणि क्षणात चार पाने मराठी उमटले. कसत असलेल्या जमिनीच्या निम्म्याहूनही कमी क्षेत्र मंजूर झाले होते, आणि कारण दिले होते, ‘मोजणीच्या वेळी दावेदार गैरहजर.’ मोजणी झाली तेव्हा ते दोघे भट्टीवर विटा थापत होते. आम्ही जाणत्या माणसांची निवेदने घेतली, अर्ज युनिकोडमध्ये लिहिला, मुलाने तो आईबापाला फोनवरून वाचून दाखवला. आईने दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. एके ठिकाणी शेताच्या हद्दीतील मोहाचे झाड लिहायचे राहिले होते. अर्ज ५८ व्या दिवशी दाखल झाला आणि फेरमोजणीचा आदेश निघाला. फेरमोजणीला दोघेही हजर होते.

त्या मुलाकडे आता गावातले लोक आपापले मोबाइल घेऊन येतात. तो पहिल्याने फाइलीचे शेपूट पाहतो, मग आकार पाहतो, मग फॉन्ट. प्रत्येक पाड्यावर असा एक मुलगा किंवा मुलगी तयार व्हावी, आणि प्रत्येक कचेरीतून असा कागद निघावा की त्या मुलाची गरजच पडू नये, या दोन्ही गोष्टींसाठी आपल्याला झटायचे आहे.